लाव्यांचं आंबोण: आंबवलेलं खाद्य घरी कसं करायचं आणि कसं घालायचं

सिन्नरकडच्या आमच्या घरी संध्याकाळी धार काढायच्या वेळी म्हशीपुढे आंबोणाची पाटी यायची. सकाळी भिजत घातलेली सरकी, पेंड आणि गव्हाचा कोंडा दिवसभरात फुगून यायचा. उन्हाळ्यात त्याला जरासा आंबूस वास सुटायचा आणि तो वास आला की म्हैस दावं ताणून उभी राहायची. पुढे पंचवटीतल्या घराच्या गच्चीवर मी जपानी लाव्या पाळायला लागले. कोरडा भुगा चोचीने चहूकडे उडवणारी ती पाखरं पाहून मला पहिल्यांदा आंबोणच आठवलं. आज माझ्याकडे सहा लाव्या आहेत, पाच माद्या आणि एक नर. त्यांचं सकाळचं खाणं आंबवलेलं असतं. ते कसं करते, कुठे चुकले आणि नाशिकच्या हवेत त्यात काय बदल करावे लागतात, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

बाजारात ज्याला बटेर म्हणतात तीच ही जपानी लावी. आपल्याकडे ती 1974 साली कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आली आणि तिथून देशभर पसरली. आपल्या माळरानावर, गवतात दिसणाऱ्या लाव्या वेगळ्या. त्या रानपाखरांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्या पकडायच्या नाहीत, पाळायच्या नाहीत, कुणी विकायला आणल्या तर घ्यायच्याही नाहीत. पिल्लं उबवणी केंद्रातूनच घ्यावीत.

आंबवून नेमकं काय होतं

दही लावताना जे घडतं तेच इथे घडतं. धान्यावर आणि हवेत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू असतातच. ओलावा आणि ऊब मिळाली की ते धान्यातली साखर खातात आणि आम्ल सोडतात. मिश्रणाचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप; आकडा जितका खाली तितकं जास्त आंबट) साधारण साडेचारच्या खाली उतरला की कुजवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना तिथे जगणं अवघड होतं. धान्यातला फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो, आंबताना त्यातला काही मोकळा होतो आणि पाखराच्या कामी येतो. भुग्याची धूळ उडत नाही. सगळ्यात ठळक फरक म्हणजे नासाडी कमी होते. लावी कोरड्या खाद्यात चोच घालून डावीउजवीकडे फेकते, तिला आवडीचा कण हवा असतो. ओलसर खाद्यात सगळं एकमेकांना धरून असतं, म्हणून तिला निवडानिवड करता येत नाही.

आंबवल्याने होत नाही ते आधी सांगते, कारण माझं नुकसान तिथेच झालं. आंबवल्याने निकृष्ट खाद्य चांगलं होत नाही. कमी प्रथिनांच्या धान्यातून जास्त प्रथिनं निघत नाहीत. बुरशी लागलेल्या मक्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष आंबवून जात नाही, शिजवूनही जात नाही. आजारी पाखराचं हे औषधही नाही.

तिसऱ्या वर्षी आषाढात मी आणलेल्या मक्याच्या भरड्याला किंचित कुबट वास होता. आंबला की जाईल, असं मनाशी म्हटलं आणि बरणी भरली. आंबट वासाखाली तो कुबटपणा झाकला गेला आणि माझी शेवटची खूणही गेली. चार दिवसांनी दोन माद्या पिसं फुलवून कोपऱ्यात बसल्या. एक सावरली, दुसरी गेली. ती माझ्या हातावर बसून खाणारी होती. तेव्हापासून नवीन पोतं घरात आलं की भरडा मुठीत घेऊन, तोंडाच्या वाफेने जरा ओलसर करून मी वास घेते. ओल मिळाली की लपलेला कुबट वास वर येतो. शंका आली तर ते पोतं पाखरांपर्यंत जात नाही.

खाद्य कोणतं घ्यावं

लावी ही छोटी कोंबडी नव्हे. तिची वाढ फार झपाट्याने होते. अंड्यातून सतराव्या दिवशी बाहेर पडलेलं पिल्लू सहा-सात आठवड्यांत स्वतः अंडी द्यायला लागतं. म्हणून पिल्लांच्या खाद्यात 24 ते 27 टक्के प्रथिनं लागतात आणि अंड्यावरच्या मादीला 18 ते 20 टक्के. नुसती बाजरी, ज्वारी किंवा कण्या घालून लाव्या पाळणारी माणसं मला भेटतात. पाखरं जगतात, पण पिसं निस्तेज होतात आणि अंडी मध्येच बंद पडतात. धान्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपासच असतात, तेवढ्यावर तिचं भागत नाही.

लाव्यांचं तयार खाद्य मिळालं तर तेच घ्यावं. नाशिकच्या किरकोळ दुकानांत ते दर वेळी मिळत नाही. मग मी ब्रॉयलर कोंबड्यांचं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं खाद्य घेते, ज्याच्या पोत्यावरच्या पट्टीवर प्रथिनं साधारण 22 टक्के लिहिलेली असतात. 800 ग्रॅम स्टार्टरमध्ये 200 ग्रॅम भरडलेली बाजरी घातली की हिशेब असा होतो: स्टार्टरमधून 17.6 आणि बाजरीतून सुमारे 2, म्हणजे एकूण 19.6 टक्के. मोठ्या लावीला हे पुरतं. बाजरीऐवजी नागली घेतली तर एकूण एकोणीसच्या आसपास येतं, तेही चालतं. पेठ-सुरगाण्याकडची नागली आपल्याकडे सहज मिळते आणि आंबतेही फार सुरेख.

नागलीत कॅल्शियम भरपूर म्हणून वेगळा चुना लागत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा. 100 ग्रॅम नागलीत साधारण 340 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. अंडी देणाऱ्या लावीला खाद्याच्या अडीच ते तीन टक्के, म्हणजे 100 ग्रॅममागे 2500 ते 3000 मिलिग्रॅम लागतं. नागली त्याच्या जवळपासही पोचत नाही.

पोत्यावरची पट्टी वाचायची आणखी एक गरज आहे. ब्रॉयलरच्या काही खाद्यांत रक्ती हगवणीवरचं औषध किंवा प्रतिजैविक मिसळलेलं असतं. औषधी खाद्य आंबवू नये आणि लाव्यांना घालण्याआधी पशुवैद्यांना विचारावं. कच्चं सोयाबीन, कच्चा राजमा आणि सरकी घरच्या मिश्रणात अजिबात नकोत. सरकी म्हशीला मानवते, पण तिच्यातलं गॉसिपॉल पाखरांना बाधतं. सुकी मासळी घालायचा मोह होतो, पण बाजारातल्या सुकटीत मीठ असतं आणि एवढ्याशा जिवाला जास्त मीठ सोसत नाही.

बरणी, पाणी आणि चुन्याची गोष्ट

सहा लाव्यांना अर्धा लिटरच्या काचेच्या दोन बरण्या पुरतात. चिनी मातीची लोणच्याची बरणी उत्तम, पण तिला आत चरे पडलेले नसावेत. तांब्या-पितळेचं भांडं वापरू नये. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात कळकतो हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत असतं. तांबट लेनमधली भांडी कितीही देखणी असली तरी हे काम त्यांचं नाही. ॲल्युमिनियमही नको. ढवळायला लाकडी चमचा ठेवावा, आणि तो फक्त याच कामाचा.

शहरातलं नळाचं पाणी गंगापूर धरणातून शुद्ध होऊन येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतं. ते जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असल्यामुळे आपले उपयोगी जिवाणूही त्यात मंदावतात. पाणी रुंद पातेल्यात रात्रभर उघडं ठेवावं, वर नुसता जाळीदार कपडा. सकाळी ते वापरायला तयार. बोअरवेलचं पाणी जड असेल तर मिश्रण उशिरा आंबतं, कारण त्यातले क्षार आम्ल मारतात.

शिंपल्यांचा चुरा, चुनखडी, अंड्याची टरफलं यातलं काहीही बरणीत टाकू नये, आणि त्याचं कारण हेच आहे. चुनखडी आम्लाला निष्प्रभ करते. बरणीत ती असली की सामू खाली उतरत नाही, मिश्रण दोन दिवस अर्धवट आंबलेल्या अवस्थेत राहतं आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना मोकळं रान मिळतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य नीट आंबत नाही, अशी तक्रार असते ती याचमुळे. त्या खाद्यात चुनखडी आधीच मिसळलेली असते. म्हणून आंबवायला स्टार्टर घ्यावं आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कोरडा ठेवावा. मादी लागेल तेवढा खाते, नर त्याकडे फारसा फिरकत नाही.

बरणी भरताना

मोठी लावी दिवसाला 20 ते 25 ग्रॅम कोरडं खाद्य खाते. सहा पाखरांचे 150 ग्रॅम धरू. मी यातलं निम्मं सकाळी ओलं घालते आणि निम्मं दुपारनंतर कोरडं. सगळंच आंबवलेलं द्यायच्या मी विरुद्ध आहे. तयार खाद्यातली काही जीवनसत्त्वं पाण्यात आणि वेळेनुसार कमी होतात, आणि एखादी बरणी बिघडलीच तर पाखरांना कोरडं खायची सवय असलेली बरी.

सकाळच्या 75 ग्रॅमपैकी 40 ग्रॅमच बरणीत आंबतं. उरलेले 35 ग्रॅम घालताना कोरडेच मिसळायचे असतात, त्याचं कारण पुढे येईल. तीन दिवसांची बरणी भरायची तर 120 ग्रॅम खाद्य आणि साधारण 160 मिलिलिटर रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी. बरणी कोमट पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेली असावी. आधी खाद्य, मग थोडं थोडं पाणी घालून तळापासून ढवळायचं, कोरडी गुठळी राहू द्यायची नाही. हाताला ते भज्यांच्या पिठाहून जरा घट्ट लागलं पाहिजे. दहा मिनिटांनी पुन्हा बघायचं. भरड खाद्य पाणी पिऊन घेतं, तेव्हा आणखी दोन-तीन चमचे पाणी लागू शकतं. शेवटी चमच्याच्या पाठीने दाबून वरचा भाग सपाट करायचा, म्हणजे पाण्याचा पातळ थर वर येतो आणि हवा खाली जात नाही.

बरणीचा वरचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायचा. मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगून वर चढतं. झाकण नुसतं टेकवायचं, आवळायचं नाही. आत वायू तयार होतो, घट्ट झाकणाची काचेची बरणी तडकू शकते.

विरजण लागतंच असं नाही. पहिल्या वेळी घाई असेल तर ताज्या, बिनमिठाच्या दह्यावरची निवळी एक चमचा घालावी. इडलीचं आंबलेलं पीठ घालू नये, त्यात बहुतेक वेळा मीठ असतं. पाव करायचं यीस्टही नको, त्याने आम्लाऐवजी दारू तयार होते. दुसऱ्या बरणीपासून आधीच्या बरणीतले दोन चमचे हेच विरजण.

बरणी स्वयंपाकघरात, उन्हापासून लांब ठेवायची. सकाळ-संध्याकाळ एकदा ढवळून पुन्हा दाबून सपाट करायची. ढवळलं नाही तर वरचा थर सुकतो आणि बुरशी तिथेच धरते.

झालं हे कसं ओळखावं

पहिल्या दिवशी ओल्या पिठाचा वास येतो, काचेला एखादा बुडबुडा चिकटलेला दिसतो. नंतर मिश्रण फसफसायला लागतं, चमचा घातला की भोकं पडलेली दिसतात. तयार झालेल्या खाद्याला ताकासारखा, स्वच्छ आंबट वास येतो. नाक मागे न ओढता बरणीवर वाकता आलं पाहिजे. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या मिळाल्या तर पहिले दोन-तीन महिने जरूर वापराव्यात. 4 ते 4.5 च्या दरम्यान रंग आला की खाद्य तयार. पुढे नाक इतकं सरावतं की पट्टीची गरज पडत नाही.

वर कधी पांढरी, सपाट, सुरकुतलेली साय धरते. ती रानटी यीस्टची असते. घातक नाही, पण बरणीत हवा जास्त जातेय किंवा ढवळणं चुकतंय हे ती सांगते. साय काढून खालचा वास बघावा, स्वच्छ आंबट असेल तर वापरावं. केसाळ, कापसासारखी वाढ दिसली, किंवा हिरवा, काळा, गुलाबी ठिपका दिसला, तर तो बुरशीचा. तेव्हा वरचं काढून खालचं वापरायचं नाही. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. पूर्ण बरणी फेकायची. कुजक्या अंड्याचा, गटाराचा किंवा ओकारीसारखा वास आला तरी तेच. दारूसारखा उग्र वास आला तर यीस्ट वरचढ झालं, तेही लाव्यांना घालू नये. दीडशे-दोनशे ग्रॅमच्या जिवाला थोडं मद्यही पुष्कळ होतं. फेकायचं ते मातीत पुरावं, रस्त्यावरच्या गाईपुढे टाकू नये.

नाशिकची हवा आणि बरणी

किती तास ठेवायचं हे ऋतूवर आहे. कुठेतरी वाचलेला तीन दिवसांचा नियम बाराही महिने पाळला की उन्हाळ्यात खाद्य हातचं जातं.

मार्च ते मे मध्ये दुपारी पारा चाळिशीकडे जातो. तेव्हा 24 ते 30 तास पुरतात. सकाळी लावलेली बरणी दुसऱ्या दिवशी सकाळी चाखल्यासारखी हुंगावी. दुपारी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवली तर आंबणं ताब्यात राहतं. पावसाळ्यात 36 ते 48 तास लागतात. या काळात जिवाणूंपेक्षा बुरशीची भीती जास्त, म्हणून बरणी लहान भरावी आणि ढवळणं चुकवू नये. पावसाळ्यात मी खाद्य किलो-दोन किलोच आणते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात राहतं, आणि डबा फरशीवर नाही तर पाटावर. मका येवला-निफाडकडचा असो की बाहेरचा, पावसात भिजलेला माल घेऊ नये.

थंडी हा आपल्याकडचा खरा पेच. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा शहरातही पहाटे चांगलंच काकडायला होतं. वीस अंशांच्या खाली आंबणं फार रेंगाळतं. डिसेंबर-जानेवारीत तीन ते चार दिवस धरावेत. मी कोमट पाण्यात कालवते, विरजण दोनऐवजी चार चमचे घालते आणि बरणी जुन्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवते. शेगडीजवळ ठेवू नये, एका बाजूने तापून ते बिघडतं. चौथ्या दिवशीही आंबट वास नसेल तर आणखी वाट बघत बसू नये, ते टाकून नव्याने लावावं.

तयार झालेली बरणी फ्रिजमध्ये ठेवली की तीन-चार दिवस चांगली राहते. घालायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी. थंडगार खाद्य पाखरांना देऊ नये, हिवाळ्यात तर नाहीच.

घालण्याची पद्धत

इथे बहुतेकांचं चुकतं, माझंही चुकलं होतं. बरणीतलं मिश्रण तसंच वाटीत काढलं तर ते चिकटतं. लावीच्या चोचीवर त्याचा लेप बसतो, पायाच्या बोटांना गोळे धरतात. मग त्यावर खुराड्यात अंथरलेलं भाताचं तूस चिकटतं, वाळतं आणि पाय आखडतो. म्हणून बरणीतलं 90 ग्रॅमच्या आसपास ओलं मिश्रण घेऊन त्यात ते बाजूला ठेवलेले 35 ग्रॅम कोरडं खाद्य घालायचं आणि बोटांनी मोकळं करायचं. मुठीत दाबलं की लाडू वळावा आणि अंगठ्याने टिचकी मारली की तो फुटावा, इतका ओलसर भुगा हवा. हात ओला वाटला तर अजून थोडं कोरडं घाला.

भांडं उथळ आणि जड असावं. मातीची पणतीवजा ताटली किंवा जाड काचेची बशी चांगली. सहा पाखरांना दोन ताटल्या ठेवाव्यात. नर आणि धीट मादी एकीवर ठाण मांडतात, बिचाऱ्या बाकीच्यांना दुसरीवर निवांत खाता येतं. ताटली जमिनीपासून बोटभर उंच विटेवर ठेवली की तूस आत कमी जातं.

मी उजाडताच, ऊन गच्चीवर यायच्या आत घालते. पाखरं रात्रभराची भुकेलेली असतात, वीस-पंचवीस मिनिटांत निम्मं संपतं. उन्हाळ्यात दोन तासांनी आणि थंडीत चार तासांनी उरलेलं काढून टाकायचं. संपत नसेल तर दुसऱ्या दिवशी कमी घालायचं. उरलेलं बरणीत परत कधीच टाकायचं नाही, त्यात विष्ठा आणि लाळ गेलेली असते. ताटली लगेच घासून उन्हात पालथी घालायची. ओल्या खाद्यावर माश्या येतात आणि मुंग्या तर पाचव्या मिनिटाला हजर. मुंग्यांसाठी ताटलीखालची वीट पाण्याच्या पसरट थाळीत ठेवावी. थाळीतलं पाणी बोटभरापेक्षा खोल नको आणि पिल्लं असलेल्या खुराड्यात हा उपाय करूच नये.

पिण्याचं स्वच्छ पाणी कायम समोर हवंच. ओलं खाद्य खाल्लेली पाखरं पाणी थोडं कमी पितात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

नव्या पाखरांना हे एकदम घालू नये. पहिले तीन दिवस नेहमीच्या कोरड्या खाद्यावर प्रत्येकी अर्धा चमचा, मग दर दोन दिवसांनी थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत सकाळचं पूर्ण खाणं. एखादी लावी चोच लावत नाही. तिला दुसऱ्या पाखराला खाताना बघू द्यावं, वर बाजरीचे चार दाणे भुरभुरावेत. तीन आठवड्यांपेक्षा लहान पिल्लांना मी देत नाही. त्यांच्या अंगावरची लव ओली झाली की ती गारठतात, आणि गारठलेलं पिल्लू हाती लागत नाही.

पाखरांकडे लक्ष

खाद्य बदलल्यावर दोन आठवडे रोज विष्ठा बघावी. घट्ट, टोकाशी पांढरी असते ती नेहमीची. मध्ये मध्ये एखादी तपकिरी, फेसाळ, वासाची पडते. ती आंधळ्या आतड्यातून येते आणि निरोगी पाखरातही असते. पहिल्यांदा पाहून मी घाबरून खाद्य बंद केलं होतं, तसं करायची गरज नाही. सतत पाण्यासारखी, हिरवी किंवा रक्त दिसणारी विष्ठा मात्र लगेच गांभीर्याने घ्यावी.

संध्याकाळी एखादं पाखरू हातात घेऊन गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपावी. भरलेली असली तर ती मऊ आणि दाणेदार लागते. सकाळी खाणं घालायच्या आधी ती रिकामी झालेली असली पाहिजे. सकाळीही ती कणकेच्या गोळ्यासारखी किंवा पाण्याच्या फुग्यासारखी लागली आणि तोंडाला आंबट कुजका वास आला, तर ओलं खाद्य त्याच क्षणी थांबवावं, पाखरू वेगळं करावं आणि पशुवैद्यांकडे न्यावं. उलटं धरून पिशवी रिकामी करायचा घरगुती उपाय करू नये, श्वासनलिकेत पाणी जाऊन पाखरू जागीच दगावतं.

आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्यासारख्या छोट्या काट्यावर वजन करावं आणि वहीत लिहावं. दिसायला पाखरू टुणटुणीत असतं आणि वजन आठवड्यात पंधरा ग्रॅमने उतरलेलं असतं. पिसांमुळे ते डोळ्यांना कळत नाही.

खुराड्यातलं तूसही बघावं. ओल्या खाद्याने तूस लवकर ओलं होतं, अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबायला लागतो. घोटीकडच्या भातगिरण्यांचं तूस कोरडं आणि स्वस्त मिळतं. ताटलीभोवतीचा वीतभर भाग मी रोज काढते, बाकीचं आठवड्याने. पाखरांचं काम झालं की हात साबणाने धुवावेत, विशेषतः लहान मुलांनी.

आपल्या भागातल्या दोन सूचना

द्राक्षाच्या हंगामात मळ्यातून खुडलेले मणी आणि कोवळा पाला कुणी प्रेमाने आणून देतं. फवारणीचा मळा असेल तर ते पाखरांना घालू नये, बरणीतही टाकू नये. बुरशीसाठी फवारतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं आणि कीडनाशकं आंबवून निघून जात नाहीत. घरी पिकलेला, धुतलेला एखादा मणी चिरून वर घालायला हरकत नाही. साखरेची फळं बरणीत मात्र नकोतच, त्यांनी यीस्ट माजतं. कांदा तर आपल्याकडे मुबलक, पण कांद्याची पात आणि सालं लाव्यांना घालू नयेत, त्यातल्या घटकांनी रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा होते. ओला चारा म्हणून कोथिंबीर, मेथी, शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून ताटलीवर घालावा. आंबवायचं नाही, ताजाच.

दर तीन आठवड्यांनी विरजणाची साखळी मी मोडते. तेच तेच विरजण पुढे नेत राहिलं की यीस्ट वाढत जातं आणि वास हळूहळू गोडसर होतो. दोन्ही बरण्या गरम पाण्याने धुते, दिवसभर गच्चीच्या उन्हात ठेवते आणि नव्याने, बिनविरजणाची बरणी लावते. ती तयार होईपर्यंत दोन दिवस पाखरं कोरडंच खातात.

गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशीच ओलं खाद्य बंद करते. शेजारच्या काकू पाखरांना खाणं-पाणी घालतात. त्यांना फक्त कोरड्या खाद्याचा डबा, मोजायची वाटी आणि शिंपल्यांचा चुरा देऊन जाते. बरणीचा वास ओळखायला त्यांनी शिकलेलं नाही आणि ते ओझं त्यांच्यावर टाकावंसं वाटत नाही.